सात आश्चर्ये आणि दहा कोटी मते

रात्रीची जेवणे आटोपली, की आजोबांच्या गप्पा आणि नातवंडांचा अभ्यास एकाच दिव्याखाली सुरू होतो. अशाच एखाद्या रात्री पुढचा संवाद आपल्याही घरात झाला असेल.

"आबा, जगातली सात आश्चर्यं सांगा बघू."

"त्यात काय अवघड? इजिप्तचा पिरॅमिड, बाबिलोनची झुलती बाग, ऱ्होड्सचा पुतळा, अलेक्झांड्रियाचा दीपस्तंभ..."

"चुकलं, आबा! ताजमहाल, चीनची भिंत, माचू पिच्चू..."

"हे पिच्चू कुठनं काढलंस गं? आम्हांला मास्तरांनी छडी दाखवून पाठ करायला लावलीत ती आश्चर्यं!"

आबा रुसतात, नात हसते आणि वाद तसाच राहून दिवा मालवला जातो. वाचकहो, या वादात दोघेही बरोबर आहेत. आबांची यादी दोन हजार वर्षांपूर्वीची आहे, नातीची २००७ सालची आहे. जुनी यादी कवींनी आणि प्रवाशांनी केली. नवी यादी चक्क मतदानाने ठरली. मतदान म्हटले, की आपण खेड्यातली माणसे कान टवकारतो. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत मत काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून या आगळ्यावेगळ्या निवडणुकीची हकीगत आज पाहू.

जुनी यादी कोणी केली?

जुनी यादी ग्रीक लोकांची. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सायडनचा अँटिपेटर नावाचा कवी होऊन गेला. त्याने आपल्या एका कवितेत अशा सात अचाट गोष्टींची नावे गुंफली. बायझँटियमच्या फायलोच्या नावावरही अशी एक यादी सांगतात. ग्रीक भाषेत या गोष्टींना जो शब्द होता, त्याचा अर्थ 'बघण्याजोग्या गोष्टी' असा होतो. म्हणजे ती एका अर्थी प्रवाशांसाठी केलेली टिपणवहीच होती.

ही माणसे भूमध्य समुद्राच्या काठची. त्यांना जेवढे जग ठाऊक, तेवढ्यातलीच सात स्थळे त्यांनी निवडली. चीन त्यांच्या यादीत नाही, भारत नाही, अमेरिका खंड तर त्यांना माहीतच नव्हता. विहिरीतल्या माणसाने आभाळ मोजावे, तशातला हा प्रकार. पण त्यांना दोष तरी कसा द्यायचा? जो तो आपल्या बांधावर उभा राहूनच जग पाहतो.

त्या सातांपैकी आज फक्त गिझाचा मोठा पिरॅमिड उभा आहे. ऱ्होड्सचा पुतळा उभारल्यावर साठ वर्षांच्या आतच भूकंपाने कोसळला. अलेक्झांड्रियाच्या दीपस्तंभाचीही भूकंपांनीच वाताहत केली. एफिससच्या देवीचे देऊळ इसवी सनापूर्वी ३५६ साली एका माणसाने जाळले, का, तर आपले नाव जगात व्हावे म्हणून! ते पुन्हा बांधले गेले आणि पुढे पुन्हा नष्टही झाले. बाबिलोनची बाग तर खरोखर होती की नाही, यावरच विद्वानांचा वाद आहे.

नवी निवडणूक

यादीतली सहा स्थळे नाहीशी झालेली, तेव्हा नवी यादी का करू नये, असा विचार बर्नार्ड वेबर यांच्या मनात आला. हे गृहस्थ मूळचे स्वित्झर्लंडचे, कॅनडाचेही नागरिक, व्यवसायाने चित्रपट काढणारे आणि हौशी प्रवासी. एकविसावे शतक उजाडता उजाडता त्यांनी 'न्यू सेव्हन वंडर्स' नावाची मोहीम सुरू केली आणि तिच्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये एक खाजगी प्रतिष्ठान स्थापन केले. कल्पना अशी, की यादी आता राजे आणि पंडित यांनी करायची नाही, जगातल्या सामान्य माणसांनी करायची. इंटरनेटवरून किंवा टेलिफोनवरून मत द्यायचे.

आरंभी शेकडो नावे आली. त्यांतली ७७ पुढे काढण्यात आली. मग वास्तुशास्त्रज्ञांच्या एका मंडळाने त्यांतून २१ निवडली. या मंडळाचे अध्यक्ष होते युनेस्कोचे माजी महासंचालक फेदेरिको मायोर. १ जानेवारी २००६ रोजी ही २१ नावे जाहीर झाली. त्यांत पॅरिसचा आयफेल टॉवर होता, कंबोडियातले अंगकोर वाट होते, इंग्लंडमधले स्टोनहेंजचे उभे दगड होते आणि आफ्रिकेतल्या माली देशातले तिंबक्तू हे मातीच्या मशिदींचे गावही होते. या शेवटच्या नावाकडे लक्ष ठेवा, त्याची गोष्ट पुढे यायची आहे.

पिरॅमिडचे नाव उमेदवारांत पाहून इजिप्त देश रागावला. "जुन्या सातांतला एकटा जिवंत राहिलेला थोरला आम्ही सांभाळतो, आणि त्याने आता पोरासोरांबरोबर मते मागत हिंडायचे की काय?" असा त्यांच्या रागाचा सूर होता. शेवटी पिरॅमिडला मानाचे पान देऊन निवडणुकीतून बाजूला काढण्यात आले. उरलेल्या २० स्थळांमध्ये सात जागांसाठी लढत झाली.

शाई नाही, यादी नाही

आता या मतदानाचे नियम पाहा. आपल्या गावात मतदान होते, तेव्हा मतदार यादीत नाव लागते, ओळख पटवावी लागते आणि बोटाला शाई लागते. पाटलाला एक मत आणि त्याच्या सालगड्यालाही एकच. या जागतिक निवडणुकीत मतदार यादी नव्हती आणि शाईही नव्हती. इंटरनेटवर नाव नोंदवले, की सात पसंत्या फुकट देता येत. त्यापुढे जास्त मते हवी असली, तर पैसे देऊन प्रमाणपत्र विकत घ्यायचे. टेलिफोनवरून आणि मोबाइलच्या संदेशावरून तर पुन्हा पुन्हा मत देण्यास कसलीच आडकाठी नव्हती. ज्याच्या खिशात मोबाइल आणि मोबाइलमध्ये पैसे, त्याचा आवाज मोठा.

मग देशोदेशी चढाओढ लागली. जॉर्डन हा वाळवंटातला लहानसा देश, त्याची लोकसंख्या तेव्हा ७० लाखांच्या आतच होती. पण पेट्रा या त्यांच्या प्राचीन नगरीसाठी खुद्द राणी रानिया प्रचाराला उतरल्या आणि त्या देशातून १ कोटी ४० लाख मते पडल्याचे सांगण्यात आले. म्हणजे तान्ह्या बाळासकट प्रत्येक माणसामागे दोन मते! ब्राझीलमध्ये रिओच्या ख्रिस्तमूर्तीसाठी 'ख्रिस्ताला मत द्या' अशी मोहीम निघाली. टेलिफोन कंपन्यांनी या मतांचे पैसेही घेतले नाहीत. आपल्याकडेही २००७ च्या उन्हाळ्यात ताजमहालाला मत द्या, म्हणून वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून आवाहने झाली. संगीतकार ए. आर. रहमान यांनी त्यासाठी एक गाणेही केले.

७ जुलै २००७ रोजी, म्हणजे सातव्या महिन्याच्या सातव्या तारखेला, पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे एका भव्य फुटबॉल मैदानावर निकाल लागला. सूत्रसंचालन करणाऱ्यांत आपल्याकडची अभिनेत्री बिपाशा बसू होती. दहा कोटींहून अधिक मते पडली, असे संयोजकांनी सांगितले.

निवडून आलेले सात

पहिले नाव चीनच्या भिंतीचे. ही एकच सलग भिंत नव्हे. निरनिराळ्या राजवटींनी बांधलेल्या भिंतींची ती मालिका आहे. २०१२ साली चीनने जाहीर केलेल्या मोजणीनुसार तिची सारी लांबी मिळून २१ हजार किलोमीटरच्या वर भरते.

रोमचे कलोसियम इसवी सन ८० मध्ये खुले झाले. सुमारे पन्नास हजार माणसे बसून खेळ पाहतील, एवढे हे दगडी रिंगण आहे. पुढे रोमच्या लोकांनी त्याचेच दगड काढून नेऊन दुसऱ्या इमारती बांधल्या.

ब्राझीलची ख्रिस्तमूर्ती सातांत सर्वांत तरुण. १९३१ साली ती पुरी झाली. डोंगरमाथ्यावर ३० मीटर उंचीची ही मूर्ती शहरावर हात पसरून उभी आहे.

मेक्सिकोतल्या चिचेन इत्सा येथे माया लोकांनी बांधलेला पायऱ्यांचा पिरॅमिड आहे. चार बाजूंना ९१ पायऱ्या आणि माथ्यावरची एक, अशा एकूण ३६५. वर्षाचे दिवसही तेवढेच. दिवस-रात्र समान होतात त्या सुमारास उतरत्या उन्हात पायऱ्यांच्या कडेला अशी सावली पडते, की जणू नाग सरपटत खाली येतो आहे. नक्षत्रांवर पेरणी करणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे दगडी पंचांग तत्काळ उमगले असते.

आपला ताजमहाल तर आहेच. शाहजहानने १६३२ साली त्याचे काम सुरू केले आणि सारा परिसर पुरा व्हायला वीस वर्षे लागली. यमुनेच्या काठची जमीन भुसभुशीत, म्हणून आधी विहिरी खणून त्या दगड-चुन्याने भरल्या आणि त्यांवर पाया घेतला.

राहिली दोन, पेरू देशातले माचू पिच्चू आणि जॉर्डनची पेट्रा. शेतकरी वाचकांनी ही दोन जरा थांबून पाहावीत.

माती आणि पाणी जाणणारे

माचू पिच्चू हे अँडीज पर्वतात सुमारे २,४०० मीटर उंचीवर वसलेले इंका लोकांचे गाव. पंधराव्या शतकात ते बांधले गेले. डोंगराची उतरण अशी, की आपल्याकडे तिथे कोणी गुरेही चारायला नेणार नाही. त्यात पाऊस धो धो. अशा जागी त्यांनी दगडी ताली घालून एकाखाली एक शेते काढली आणि मका पिकवला. त्या तालींचे पोट उकलून पाहिले, तेव्हा तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू आणि वर सुपीक माती अशी रचना आढळली. पाणी मुरते, पण साचत नाही आणि माती वाहूनही जात नाही. झऱ्याचे पाणी सुमारे पाऊण किलोमीटरच्या दगडी पाटाने गावात आणून एकाखाली एक अशा १६ कारंज्यांतून खेळवले आहे.

अमेरिकेचे हायरम बिंगहॅम यांनी १९११ साली हे गाव जगापुढे आणले. पण त्यांना वाट सांगितली ती मेल्चोर आर्तेआगा या तिथल्या शेतकऱ्याने. बिंगहॅम वर पोहोचले, तेव्हा दोन-तीन शेतकरी कुटुंबे त्याच जुन्या तालींवर पिके घेत होती! जगाला 'सापडलेले' गाव त्यांना हरवलेले नव्हतेच.

पेट्राची तऱ्हा याच्या उलट. तिथे पाऊस वर्षाला सहा इंचांच्या आसपास, आणि पडतो तोही असा, की ओढ्याला एकाएकी लोंढा यावा. दोन हजार वर्षांपूर्वी नबाती लोकांनी तिथे गुलाबी खडकात देवळे आणि थडगी कोरली. पण त्यांचे खरे कसब पाण्यात दिसते. लोंढा वळवायला त्यांनी बंधारा आणि बोगदा केला, कड्यांच्या बाजूंनी चर खोदले, मातीच्या भाजलेल्या नळांतून पाणी शहरात आणले आणि ते साठवायला खडकात टाकी कोरली. वाळवंटात हजारो माणसांचे शहर नांदले, ते या थेंब थेंब राखण्यामुळे. दहा कोटी मतांत या पाटबंधाऱ्यांसाठी म्हणून किती मते पडली असतील? मते पडली ती चित्रातल्या देखाव्याला.

निकालानंतर

निवडणूक झाली, की गुलाल उधळून आपण घरी येतो. पण निवडून आलेल्याचे पुढे काय होते, ते पाहणे अगत्याचे असते.

नाव झाले तशी गर्दी वाढली. माचू पिच्चूला २०१९ साली १५ लाखांवर लोक येऊन गेले. पायांखाली दगड झिजू लागले, तेव्हा पेरूच्या सरकारला रोजच्या माणसांवर मर्यादा घालावी लागली आणि जायची-यायची वाटही ठरवून द्यावी लागली. पेट्रालाही २०१९ साली दहा लाखांहून अधिक पाहुणे आले. त्या पेट्राच्या गुहांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बदूल नावाचे भटके लोक राहत असत. १९८५ च्या सुमारास, म्हणजे या निवडणुकीच्या कितीतरी आधी, त्यांना गुहांतून हलवून जवळच्या टेकडीवर नवे गाव वसवून दिले. आज त्यांच्यातले पुष्कळ जण घोडे, गाढवे आणि उंट घेऊन पर्यटकांवर पोट भरतात. २०२० साली करोनाच्या साथीत पर्यटक येणे बंद झाले, तेव्हा पेट्रा आणि माचू पिच्चू या दोन्ही ठिकाणच्या अशा लोकांवर हातावर हात धरून बसण्याची वेळ आली. सगळे रान एकाच पिकाखाली घातले आणि त्याच वर्षी रोग पडला, तर काय होते, ते आपण जाणतोच.

चिचेन इत्साची गोष्ट तर सात-बारा जाणणाऱ्या वाचकांना अधिक गमतीची वाटेल. तिथल्या वास्तू राष्ट्राच्या, पण त्यांच्याखालची जमीन एका खाजगी घराण्याची होती! निवडणूक जिंकली तेव्हाही ती तशीच होती. शेवटी २०१० साली तिथल्या युकातान राज्याच्या सरकारने ती विकत घेतली.

याच प्रतिष्ठानाने पुढे निसर्गातील सात आश्चर्यांसाठी मतदान घेतले. त्याचा निकाल २०११ साली लागला. मालदीव देश त्यातून मध्येच बाहेर पडला. संयोजकांकडून निरनिराळ्या निमित्ताने पैशांची मागणी वाढत चालली आहे आणि ती आम्हांला परवडणारी नाही, असे त्याच्या सरकारने जाहीर केले. लोकांच्या मताच्या नावाने उभा राहिलेला हा एक व्यवहारही होता, हे त्यातून कळून आले.

परीक्षेची वाट

२००७ सालीच युनेस्कोने स्पष्ट केले होते, की या निवडणुकीशी आपला काही संबंध नाही. ज्यांच्या हाती इंटरनेट आहे, त्यांचेच मत यात उतरते, सगळ्या जगाचे नव्हे, असे तिचे म्हणणे होते. युनेस्कोची जागतिक वारसा यादी निराळ्या रीतीने होते. सरकार अर्ज करते, तज्ज्ञ जागेवर येऊन पाहतात, जतनाची व्यवस्था काय आहे ते विचारतात आणि मग निर्णय होतो. भारताची पहिली चार स्थळे १९८३ साली या यादीत गेली. त्यांत ताजमहाल आणि आग्ऱ्याचा किल्ला यांच्याबरोबर आपली अजिंठा आणि वेरूळची लेणी होती.

आपल्या रायगडाने दोन्ही मांडवांत हजेरी लावली आहे. २०१३ साली एका मराठी वृत्तवाहिनीने महाराष्ट्राची सात आश्चर्ये लोकांच्या मतांनी निवडली. त्यांत रायगड, अजिंठा, लोणारचे सरोवर, दौलताबादचा किल्ला आणि कासचे पठार आले. पुढे जुलै २०२५ मध्ये शिवकालीन बारा किल्ले जागतिक वारसा ठरले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि त्यांतच रायगड. मते मिळवताना प्रेम पुरते, परीक्षेला बसताना मात्र राखणीचा हिशेब द्यावा लागतो. कासच्या फुलांची कीर्ती वाढली, तशी तिथेही फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून रोज येणाऱ्यांची संख्या बांधून द्यावी लागली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हरलेल्या गावाची गोष्ट

आता तिंबक्तूकडे वळू. सहारा वाळवंटाच्या कडेचे हे गाव निवडणुकीत हरले. गरीब देश, मोबाइल थोडे, मते कोठून येणार? तिथल्या जुन्या मशिदी मातीच्या आहेत. आपण पावसाळ्याआधी धाब्याचे घर जसे लिंपून घेतो, तसे तिथले गावकरी एकत्र जमून मशिदींच्या भिंतींना मातीचे लेप देतात. गवंड्यांची घराणी पुढे आणि गावची तरुण पोरे मातीची घमेली घेऊन मागे. शेकडो वर्षे त्या वास्तू उभ्या आहेत, त्या या हातांमुळे.

२०१२ साली हत्यारबंद बंडखोरांनी गाव ताब्यात घेतले आणि तिथल्या संतांच्या १४ समाध्या फोडल्या. गावातल्या घराघरांत शेकडो वर्षांची हस्तलिखिते होती. लोकांनी ती पत्र्याच्या पेट्यांत भरली आणि जीव मुठीत धरून, गाड्यांतून आणि होड्यांतून लपवत राजधानी बामाकोला पोहोचवली. गाव मुक्त झाल्यावर युनेस्कोने मदत दिली आणि तिथल्याच गवंड्यांनी, जुन्याच रीतीने, २०१५ पर्यंत त्या १४ समाध्या पुन्हा उभ्या केल्या. समाध्या फोडणाऱ्यांपैकी एकाला २०१६ साली आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात नऊ वर्षांची शिक्षा झाली.

दहा कोटी मतांत ज्याला जागा मिळाली नाही, त्या गावाने आपली ठेव अशी राखली. मतदानाने कीर्ती मिळते आणि कीर्तीने चार पैसे येतात, त्यात वाईट काही नाही. मतदान नसते झाले, तर आपल्या आबांच्या नातीला माचू पिच्चूचे नावही कळले नसते. पण वास्तू टिकते, ती तिच्या सावलीत राहणाऱ्या माणसांनी ती आपली मानली तरच. कलोसियमचे दगड रोमच्याच लोकांनी नेले आणि तिंबक्तूची माती तिंबक्तूच्याच लोकांनी परत चढवली. फरक एवढाच.

तेव्हा पुढच्या वेळी नात यादी विचारू लागली, की आबांनी दोन्ही याद्या सांगाव्यात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात धरून गावची जुनी बारव दाखवायला न्यावे. पायऱ्यांवर झुडपे वाढली असतील, तळाशी कचरा साचला असेल. आठ-दहा घरांतून एकेक माणूस कोयता आणि घमेले घेऊन आला, तर दोन रविवारांत ती स्वच्छ होईल.